नव्याच्या खुणेची पिंपं

खूप जुन्या काळची ही गोष्ट आहे. किती जुन्या, ते विचारू नका. त्या राज्याचं नाव आज कुणाला आठवत नाही, आणि राजाचं तर नाहीच नाही. मुलांनो, तुम्ही पुढे बसा. मोठ्यांनो, तुम्ही मागे बसलात तरी चालेल, पण कान इकडे असू द्या, कारण या गोष्टीतली सगळी लबाडी मोठ्या माणसांची आहे. आणि एक आधीच सांगून ठेवतो. ही गोष्ट सांगताना मला राग येतो. दर वेळी येतो. तुम्हालाही आला तर बरंच होईल.

त्या राज्याच्या किनाऱ्यासमोर, भर समुद्रात, एका खडकावर किल्ला होता. किल्ल्यावर शिपाई होते, त्यांच्या बायका होत्या, मुलंबाळं होती, शेळ्या-कोंबड्या होत्या. गोडं पाणी तेवढं नव्हतं. विहीर होती, पण तिचं पाणी इतकं मचूळ की शेळीसुद्धा तोंड लावून मागे फिरायची. पावसाळ्यात छपरांवरचं पाणी धरायचं आणि उरलेलं वर्षभर किनाऱ्यावरून होडीने आणायचं. मातीचे घडे लाटांच्या धक्क्याने फुटत, म्हणून पाणी जायचं ते लाकडी पिंपांतून.

ही पिंपं बनवणारा कारखाना किनाऱ्यावरच होता. त्या सबंध किनाऱ्यावर दुसरा कारखाना नव्हता. तिथे पाच-सहा मिस्त्री काम करत आणि सगळ्यांच्या वर एक थोरले मिस्त्री होते.

पिंप बनवणं म्हणजे साधी सुतारकी नव्हे. त्यात खिळा नाही, सरस नाही. मध्ये रुंद आणि टोकांना निमुळत्या अशा फळ्या तासायच्या, त्या गोलाकार उभ्या करायच्या, विस्तवावर शेकून वाकवायच्या आणि लोखंडी कड्यांनी आवळायच्या. मग आतल्या अंगाने, खालच्या टोकाशी, सगळीकडून फिरवून एक खाच पाडायची. त्या खाचेत पिंपाचं बूड बसतं. खाच एकसारखी असली की पाण्याने लाकूड फुगतं आणि थेंबही बाहेर येत नाही. ती कुठे उथळ आणि कुठे खोल झाली, तर वरची सगळी मेहनत फुकट जाते.

बाकीचं पिंप ज्याचं तो करायचा. खाच मात्र प्रत्येक पिंपाला थोरले मिस्त्रीच पाडायचे. ते मानाचं काम होतं. तरुणपणी त्यांनी पाडलेली खाच बघायला परमुलखातून कारागीर येत असत, असं सांगतात, आणि ते खोटं नसावं.

प्रत्येक मिस्त्रीची आपली एक खूण होती. कुणाची मासोळी, कुणाचा शंख, कुणाचं वल्हं. पिंप पुरं झालं की तापवलेल्या डागणीने ती खूण पिंपाच्या पोटावर उमटवायची. नव्याने कामावर आलेल्या माणसाला मात्र स्वतःची खूण मिळत नसे. त्याला मिळायचा नुसता एक रिकामा गोल. वर्षभर नीट काम केलं की मग त्या गोलात त्याने आपल्या आवडीचं चित्र भरायचं.

ही रीत कुणी घातली, माहीत नाही. पण ज्याने घातली तो भला माणूस असला पाहिजे. रिकाम्या गोलाचं पिंप दिसलं की जुन्या मिस्त्रींनी ते दोनदा तपासायचं, चुकलं असेल तिथे नव्याला शेजारी बसवून दाखवायचं आणि रागवायचं नाही, एवढाच त्या गोलाचा अर्थ होता. चांगल्या रीतीचं वाटोळं कसं करतात ते आता ऐका.

थोरले मिस्त्री म्हातारे झाले. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. यात त्यांचा काय दोष? हात सगळ्यांचेच थरथरतात, माझाही थरथरेल. जेवताना त्यांच्या वाटीतलं कालवण सांडायचं, ते सगळ्यांना दिसायचं. त्याच हाताने पाडलेली खाच वेडीवाकडी व्हायला लागली, तेही सगळ्यांना दिसायचं. पण बोलणार कोण? मानाचं काम होतं ना! मग मिस्त्री मंडळींनी एक युक्ती काढली. तयार पिंपात पाणी भरून ते अंगणात ठेवायचं, आणि जे गळेल त्याच्या फटीत मेण आणि काथ्या ठासायचा. मग त्यावर ज्याने ते बनवलं त्याची खूण न उमटवता रिकामा गोल उमटवायचा आणि द्यायचं किल्ल्यावर धाडून.

होडीत दोन धक्के बसले की मेण निघायचं आणि पाणी जायचं. किल्ल्यावरून तक्रार आली की कारखान्याचा कारभारी हात जोडून सांगायचा, "गोलाची खूण होती ना? मग बरोबर. नवा माणूस आहे, शिकतोय. सांभाळून घ्या." हा कारभारी स्वतः मिस्त्रीच होता, थोरल्यांच्या खालोखाल त्याचा मान. माणसं कामावर घेणं, काढणं त्याच्याकडे होतं. जिभेवर त्याच्या कायम साखर असायची. तक्रारी फार वाढल्या की तो नव्याला किल्ल्याच्या लोकांसमोर चार शिव्या देऊन हाकलून द्यायचा आणि दुसरा नवा शोधून आणायचा.

असे किती नवे आले आणि गेले, त्यांची नावंसुद्धा कुणी लक्षात ठेवली नाहीत.

एका वर्षी असाच एक नवा कारागीर आला. घाटावरचा माणूस. तिकडे तो काकवीची पिंपं बनवायचा. हात चांगला होता, जीभ जरा फटकळ होती. समुद्र त्याने कधी पाहिला नव्हता. कारभाऱ्यानेच त्याला निरोप धाडला होता, "ये, इथे जन्माचं काम आहे." म्हणून तो गावाकडचं राहतं घर भावाला देऊन, बायको आणि दोन मुलींना घेऊन आला होता. परत जायचं म्हटलं तर जायला दार उरलं नव्हतं.

त्याचं स्वागत काय झालं म्हणून सांगू! गळ्यात अबोलीचा हार घातला. हातात नारळ दिला. मुलींच्या तळहातावर गूळ-खोबरं ठेवलं. मग कारभाऱ्याने त्याला कारखान्यातून हिंडवून सगळ्या रीती समजावल्या. पाणी पिताना कुणाच्या आधी पेला उचलायचा नाही. थोरल्या मिस्त्रींच्या चौरंगाला पाय लावायचा नाही. लाकूड तासायचा वाकस कुणाचा मागायचा, कुणाचा मागायचा नाही. सकाळी आल्यावर कुणाला आधी नमस्कार आणि कुणाला नंतर. अर्धा दिवस नुसत्या रीती चालल्या होत्या.

नव्याने विचारलं, "आन् खाच कशी पाडायची हिकडं? काकवी घट्ट असती, पाणी पातळ. त्येला येगळी खाच लागंल का?"

"खाचेची काळजी तू नको करूस. ते मानाचं काम आहे, थोरले मिस्त्री करतात."

"मग म्या कवा शिकायचं?"

"शिकशील रे! घाई काय आहे?" कारभारी हसला आणि त्याने नव्याच्या हातात डागणी ठेवली. तिच्या टोकाला रिकामा गोल होता.

नव्याने ती डागणी दोन्ही हातांत धरली आणि कपाळाला लावली. घरी गेल्यावर बायकोला म्हणाला, "आजवर माझ्या पिंपावर खूण नव्हती. आता हाय. वरीसभरानं तिच्यात जात्याचं चित्र भरीन." धाकट्या मुलीने हट्ट धरला की जातं नको, मांजर हवं. त्यावरून त्या घरात जेवण होईपर्यंत हशा चालला होता. त्या हसण्याचं मला आजही वाईट वाटतं.

दिवस गेले. नव्याने आपली पहिली दोन पिंपं पुरी केली. थोरल्यांनी खाच पाडली, बूड बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कारखान्यात आला तर अंगणात रिकाम्या गोलाची पिंपं रांगेने उभी! त्याने बनवलेल्यांच्या कितीतरी पट. एकाच्या फळ्या सागाच्या होत्या, आणि सागाला तर त्याने अजून हातही लावला नव्हता.

तो कारभाऱ्याकडे गेला. "मिस्त्री, ह्यातली दोन माझी. बाकीची माझी न्हाईत."

"मग?"

"मग त्यांच्यावर माझी खूण कशी?"

कारभाऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, ही इथली रीत आहे. पिंप गळलं की ते नव्याचं. मीही नवा होतो, हे सगळे नवे होते. तुझं काय जातं? दोन शब्द ऐकून घ्यायचे. उद्या तू जुना होशील, मग तुझी गळकी पिंपं दुसऱ्याच्या नावावर जातील."

"पर गळत्यात का, त्ये कुणी बगितलं का?"

"नव्याने असे प्रश्न विचारायचे नसतात."

मी इथे त्या कारभाऱ्याचं सबंध म्हणणं दोनदा ऐकवलं असतं, इतकं ते नीच आहे. म्हणे आम्हीही नवे होतो! अरे, तू नवा होतास तेव्हा थोरल्यांचा हात थरथरत नव्हता. तेव्हा गोलाच्या पिंपाशी तुला बसवून कुणीतरी शिकवलं होतं. तू तेवढं शिकलास आणि पुढच्याला शिकवायच्या वेळी त्याच्या पाठीवर आपलं ओझं ठेवून मोकळा झालास.

आणि खरं सांगायचं तर मला नव्याचाही राग येतो. तो गप्प बसला. दोन मुली होत्या, डोक्यावर छप्पर होतं, परतीचं दार बंद होतं, हे सगळं मला कळतं. तरी तो गप्प बसला आणि त्याच्या खुणेची गळकी पिंपं किल्ल्यावर जात राहिली. संध्याकाळी बायकोने विचारलं की काम कसं चाललंय, तर तो म्हणायचा, "बरं चाललंय." डागणीबद्दल मात्र तो पुन्हा बोलला नाही.

थंडी सरत आली. एक दिवस सकाळी किल्ल्याची होडी वाळूला लागली आणि तिच्यातून पाणीवाली उतरली. किल्ल्यावर घरटी पाणी मोजून देण्याचं काम या बाईकडे होतं. अंगाने दणकट, आवाज असा की समुद्राच्या आवाजातही ऐकू यावा. तिने एक पिंप लोळवत कारखान्याच्या अंगणात आणलं आणि पायाने उभं केलं. पिंप रिकामं होतं.

"ह्या गोलाचा धनी कोण?"

मिस्त्री मंडळींनी हातातलं काम थांबवलं आणि सगळ्यांनी एकदम नव्याकडे बोट केलं. एकाचंही बोट मागे राहिलं नाही.

पाणीवाली त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तू होय! बघून घेते तुला एकदा डोळे भरून. परवा आमच्याकडे एक पोर बाळंत झाली. पहिलटकरीण. तिला न्हाऊ घालायला पाणी पाहिजे म्हणून मी पिंप उघडलं, तर तळाशी ओल तेवढी. दुसरं उघडलं, तेही तसंच. दोन्हीवर तुझा गोल. समुद्राच्या खाऱ्या पाण्याने अंग पुसलं रे तिचं! ती ओरडत होती आणि मी पुसत होते. तुला लेकी आहेत म्हणे. लाज नाही वाटली?"

कारभारी लगबगीने पुढे आला. "बाई, शांत व्हा. नवा माणूस आहे, शिकतोय..."

"कुणी शिकिवलंय मला?" नवा ओरडला. "काय शिकिवलंय? नमस्कार कुणाला करायचा, येवढंच ना?"

त्याने ते रिकामं पिंप आडवं केलं, मोगरीने कडी सैल केली आणि बूड काढलं. मग आत हात घालून खाचेवरून बोट फिरवलं आणि पाणीवालीचा हात धरून तिचंही बोट फिरवलं. खाच कुठे नखाएवढी होती आणि कुठे बोट आत जाईल एवढी.

"बाई, माज्या फळ्यांत खोट आसंल तर मला हितंच मारा. पर पानी हितनं जातंय. ही खाच थोरल्या मिस्त्रींची हाय. त्यांचा हात थरथरतोय. हितल्या सगळ्यांस्नी ठावं हाय. कुणी बोलत न्हाई आन् माझा गोल मारत्यात."

सगळे थोरल्या मिस्त्रींकडे बघत होते. ते आपल्या चौरंगावर बसले होते, मांडीवर पटाशी होती आणि त्यांचा उजवा हात तिच्यावर थरथरत होता. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं. मुलांनो, त्या घटकेला त्यांनी नुसतं "होय" म्हटलं असतं ना, तर सगळं निभावलं असतं. खाच दुसऱ्याने पाडली असती, थोरले शेजारी बसून सांगत राहिले असते आणि त्यांच्या मानाला धक्का लागला नसता. त्यांचे ओठ हललेही. काहीतरी बोलणार होते.

तेवढ्यात कारभारी किंचाळला, "थोरल्यांचा अपमान!" आणि मग सगळेच ओरडायला लागले. कालचा आलेला पोरगा! ज्या चौरंगाला पाय लावायचा नाही त्यावर चिखल उडवतो! सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता तो नव्याच्या आधी लागलेला, मासोळीच्या खुणेचा मिस्त्री. त्या गलक्यात थोरल्यांनी आपला उजवा हात उपरण्याखाली घेतला आणि मान फिरवली.

नव्याला त्याच दिवशी काढलं. नुसतं काढलं नाही, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक होडीच्या तांडेलाला आणि गाडीवानाला कारभाऱ्याने सांगितलं की हा माणूस काम येत नाही म्हणून वडीलधाऱ्यांवर आळ घेतो. ही बातमी नव्याच्या आधी घाट चढून वर गेली. तिकडे त्याला कुणी पिंपाचं काम दिलं नाही. त्याने वाकस विकला, रंधा विकला, पटाश्या विकल्या आणि लोकांच्या गुरांचं शेण काढायच्या कामाला लागला. त्याच्या हातात जी कला होती ती अशी वाया गेली, आणि ती घालवणारे मिस्त्री इकडे दुपारच्या जेवणानंतर पान खात बसले होते. सांगा, चीड येऊ नये तर काय व्हावं?

आता पुढचं ऐका. कारभाऱ्याने नव्या माणसासाठी पुन्हा निरोप धाडले. कुणी आलं नाही. नव्याने झालेला प्रकार घाटावर जो भेटेल त्याला सांगितला होता, आणि त्याच्या आधी हाकललेलेही आता तोंड उघडून बोलत होते. नवरे यायला निघाले तर बायका वाटेत उभ्या राहायच्या. महिना गेला, दुसरा गेला. कारखान्यात नवा कुणी नव्हता.

पिंपं मात्र गळतच होती. नव्याला हाकलल्यामुळे खाच थोडीच सरळ होणार होती!

एक दिवस सकाळी अंगणात गळक्या पिंपांची रांग उभी राहिली. गोलाची डागणी विस्तवात तापत होती. मिस्त्री एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी कारभारी मासोळीवाल्याला म्हणाला, "आपल्यात सगळ्यांत नवा म्हटलं तर तूच."

"मी? मला इथे लागून किती वर्षं झाली!"

"असतील. पण तुझ्यामागून आलेला कुणी आज इथे आहे का?"

मासोळीवाला खूप ओरडला. पण अपमान अपमान म्हणून जो ओरडला होता, तो आता खाच खराब आहे म्हणून ओरडायला लागला, तर ऐकणार कोण? त्याचीही पिंपं गोलाची झाली, बाकीच्यांची गळकीही त्याच्यावर आली. पाणीवालीने पुढच्या फेरीत त्याला अंगणात उभं करून असं काही झापलं की तो दुसऱ्या दिवशी कामावर आलाच नाही. मग शंखवाला नवा झाला. त्याने तर गोल आपल्यावर यायच्या आतच गाशा गुंडाळला. मग वल्ह्याची पाळी आली. प्रत्येक जण जाताना बोंब मारायचा की हा अन्याय आहे. अन्याय होताच. पण घाटावरच्या माणसावर झाला तेव्हा यांच्या तोंडून ब्रसुद्धा निघाला नव्हता.

शेवटी कारखान्यात दोघंच उरले, थोरले मिस्त्री आणि कारभारी.

गळकं पिंप समोर होतं. कारभाऱ्याने सवयीने डागणी उचलली आणि तिथेच थबकला. त्याच्या खाली आता कुणी नव्हतं. जिभेवरची साखर पार विरघळून गेली होती. तो म्हणाला, "थोरले, खरं सांगायचं तर ही खाच तुमची..."

थोरल्यांनी मान वर केली. "तू माझ्यामागून आलास ना? मग नवा तूच. रीत तुझीच आहे."

कारभाऱ्याने डागणी वाळूत फेकली आणि तो चालता झाला. किनाऱ्यावर त्याला पुढे कुणी काम दिलं नाही. त्याच्याबद्दल मला एवढंच सांगायचं आहे, जास्त सांगायची इच्छा नाही.

थोरले मिस्त्री एकटेच पिंपं बनवत राहिले. एकट्या म्हाताऱ्याने किती बनवणार, आणि जी बनवली तीही गळकी. वैशाख पेटला. किल्ल्यावर पाण्याचा वाटा आधी निम्मा झाला, मग निम्म्याचा निम्मा. तिकडे पाणीवाली किल्लेदाराला म्हणाली, "तो घाटावरचा माणूस खरा होता. मी खाचेवरून बोट फिरवलं होतं आणि तरी गप्प बसून परत आले. त्याला बोलवा." किल्लेदाराने घोडेस्वार धाडला. स्वार परत आला तो एकटाच. नव्याने सांगितलं होतं, "हत्यारं इकली. हातबी आता शेणाचं झालं. आन् एकदा बोट रोखल्याल्या माणसाला पुन्हा त्याच अंगणात बसवंना."

किल्लेदार शूर होता. शत्रूच्या तोफांपुढे तो हटला नव्हता. पण तहानेपुढे त्याने हात टेकले आणि किल्ला रिकामा करायचा हुकूम दिला.

होड्या भरभरून माणसं किनाऱ्यावर उतरली. डोक्यावर बोचकी, काखेत मुलं, दोरीला शेळ्या. ज्या पहिलटकरणीचं अंग खाऱ्या पाण्याने पुसलं होतं, ती तान्ह्याला घेऊन मुकाट्याने चालत होती. कुठे जायचं ते त्यांतल्या निम्म्यांना माहीत नव्हतं.

थोरले मिस्त्री कारखान्याच्या दारात येऊन उभे राहिले. माणसांची रांग समोरून चालली होती. सगळ्यांत शेवटी पाणीवाली आली. तिला बघून ते खाली उतरले आणि त्यांनी उपरण्याखालून उजवा हात बाहेर काढला. तो आता कोपरापासून थरथरत होता.

"बाई," ते म्हणाले, "खाच माझीच वाकडी होती. हात चालत नव्हता माझा. त्या पोराचं खरं होतं. मला तेव्हाच कळत होतं."

पाणीवाली थांबली. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण हळू बोलली.

"हात थरथरतो म्हणून तुमच्यावर कुणी रागावलं नसतं हो, मिस्त्री. माझ्या बापाचाही थरथरायचा, मी भरवायचे त्याला. तुम्ही तेव्हा बोलला असतात तर त्या माणसाची अन्नाची सोय राहिली असती आणि आमची पाण्याची. आता कुणासाठी बोलताय? पाणी प्यायला तिथे कुणी उरलंय का?"

तिने बोचकं सावरलं आणि ती रांगेच्या मागे निघून गेली.

किल्ला पुढे ओस पडला. आता तिथे पाणकावळे राहतात. कारखान्यात तर तेही फिरकत नाहीत.

मुलांनो, आणि मागे बसलेल्या मोठ्यांनो, एवढंच ध्यानात ठेवा: आपली चूक नव्या माणसाच्या माथी मारली की चूक जात नाही, ती सुधारू शकणारा माणूस तेवढा जातो.